लॅसिक, पीआरके की स्माईल? चष्मा घालवण्याच्या नव्वद वर्षांची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी.

आजचा विषय चष्मेवाल्यांनी कधी ना कधी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर शोधलेला असणार: लेझर करून चष्मा घालवायचा, तर नेमकं कोणतं करायचं? दवाखान्यात गेलं की हातात एक रेटकार्ड येतं. पीआरके स्वस्त, लॅसिक मधलं, स्माईल सगळ्यात महाग. आणि आपण, विशेषतः आम्ही सॉफ्टवेअरवाले, लगेच हिशेब लावतो. महाग म्हणजे नवीन, नवीन म्हणजे लेटेस्ट व्हर्जन, आणि जुनं व्हर्जन कोण कशाला वापरेल?

पण इथे तो हिशेब चुकतो. या तिन्ही पद्धती म्हणजे एकाच ॲपची तीन व्हर्जन्स नाहीत. प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीतल्या एका विशिष्ट अडचणीचं उत्तर म्हणून आली, आणि येताना स्वतःची एक नवी अडचण घेऊन आली. म्हणून इतिहास बघायचा. कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे हे कळलं, की आपला प्रश्न कोणता ते विचारता येतं.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

आधी थोडं बेसिक. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. मधोमध तिची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि वर थोडंसं. प्रकाश वळवून पडद्यावर आणायचं जवळपास दोन तृतीयांश काम हीच काच करते. मायनस नंबर असलेल्या डोळ्यात प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. मग ही काच मधोमध जराशी सपाट केली, तर प्रतिमा मागे सरकेल आणि पडद्यावर पडेल. कल्पना एवढीच. पुढची सगळी गोष्ट ही काच सपाट कशी करायची याचीच आहे.

टोकियो आणि मॉस्को: ब्लेडचे दिवस

१९३० च्या दशकात टोकियोतले डॉक्टर त्सुतोमु सातो यांनी कॉर्नियाला बारीक चिरा देऊन तिचा आकार बदलायचे प्रयोग सुरू केले. चिरा बाहेरून दिल्या आणि आतूनही. नंबर खरंच कमी झाला. पण कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. काचेत पाणी साचू न देणं हे त्याचं काम, आणि या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. तेव्हा हे कुणाला नीट माहीत नव्हतं. अनेक पेशंटच्या डोळ्यांत वीसेक वर्षांनी पाणी साचायला लागलं आणि काच धुरकट झाली.

इथेच एक धडा नोंदवून ठेवा, पुढे लागणार आहे: डोळ्याचं बिल कधी कधी वीस वर्षांनी येतं.

पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोतले स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी चिरा फक्त बाहेरून द्यायला सुरुवात केली. सायकलच्या आऱ्यांसारख्या, मधला भाग सोडून. याला म्हणतात रेडियल केराटोटॉमी, थोडक्यात आरके. फ्योदोरोव यांच्या संस्थेत तर चक्क असेंब्ली लाईन होती. पेशंट टेबलावर आडवे, टेबलं पुढे सरकतायत, आणि प्रत्येक सर्जन आपल्यापुरती एकच पायरी करतोय.

आरके अमेरिकेतही गेलं आणि जोरात चाललं. तिथे सरकारी पैशातून पर्क नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले होते. म्हणजे ऑपरेशन संपलं, पण काच हळूहळू सपाट होतच राहिली. मायनस घालवायला गेलेला माणूस प्लसचा चष्मा लावून परत.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण एव्हरेस्टवर दिसलं. मे १९९६ मध्ये बेक वेदर्स हे टेक्सासचे डॉक्टर शिखराकडे निघाले होते. त्यांचं आरके झालेलं होतं. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की कॉर्निया किंचित सुजते. साध्या डोळ्यात ते फारसं जाणवत नाही, पण चिरा दिलेल्या काचेचा आकारच बदलतो. सुमारे २७,५०० फुटांवर त्यांना नीट दिसेनासं झालं आणि ते तिथेच थांबले. मग कुप्रसिद्ध वादळ आलं. त्यांना मेलेलं समजून मागे सोडलं गेलं, तरी ते स्वतःच्या पायांनी कॅम्पवर परतले. पण हिमदंशाने उजवा हात कोपराखालून गेला, डाव्या हाताची बोटं गेली, नाक गेलं. आजही भारतीय हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांत आरके झालेला उमेदवार कायमचा अपात्र धरला जातो.

टर्कीचं हाड आणि गाईचा डोळा

आता लेझरची एन्ट्री. आणि ती दवाखान्यात नाही, चक्क आयबीएममध्ये!

न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन काम करायचे. जन्म मद्रासचा, पदवीपर्यंतचं शिक्षणही तिथलंच. ते, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम असे तिघे एक्सायमर लेझरवर प्रयोग करत होते. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील प्रकाश प्लास्टिक अतिशय स्वच्छ कोरतो हे त्यांना माहीत होतं. प्रश्न होता, जिवंत प्राण्याच्या ऊतींवर काय होईल? नोव्हेंबर १९८१, थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस. श्रीनिवासन घरातून जेवणात उरलेली टर्की घेऊन लॅबमध्ये आले आणि त्यावर लेझर सोडला. साध्या लेझरने कडा करपायच्या. इथे कडा स्वच्छ, शेजारी जळल्याची खूणसुद्धा नाही. कारण हा प्रकाश भाजत नाही, तो रेणूंमधले बंधच तोडतो, आणि तेही अगदी वरच्या थरापुरते.

१९८३ मध्ये स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी श्रीनिवासन यांच्यासोबत हाच लेझर गाईच्या डोळ्यांवर वापरून पाहिला. चिरा द्यायचीच गरज नाही, काचेचा वरचा भाग घासून हवा तो आकार देता येतो, हे लक्षात आलं. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. मार्गरेट मॅकडॉनल्ड यांनी तो माणसाच्या दिसणाऱ्या डोळ्यावर वापरला. ती पेशंट कॅन्सरची होती आणि तिचा तो डोळा काढावाच लागणार होता. काढण्याआधी त्यावर प्रयोग करा, असं तिने स्वतःहून सांगितलं. आज रेटकार्डवर पहिल्या ओळीत दिसणाऱ्या पीआरकेमागे ही बाई उभी आहे.

पीआरकेमध्ये कॉर्नियावरची पातळ साल काढतात आणि लेझरने आकार देतात. साल चार-पाच दिवसांत पुन्हा येते. अडचण काय? ते चार-पाच दिवस डोळे चुरचुरतात, दुखतात, पाणी येतं, आणि नजर पूर्ण स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. मोठा नंबर असेल तर काचेवर धूसरपणा येण्याचा धोकाही असतो.

झाकण, बिजागरी आणि लॅसिक

मग दुखणं टाळायचं कसं? उत्तर आधीच कुणीतरी शोधून ठेवलं होतं. मूळचे बार्सिलोनाचे आणि नंतर कोलंबियात स्थायिक झालेले होसे इग्नासिओ बाराकेर कॉर्नियाची एक चकती कापून बाहेर काढायचे, ती गोठवायचे, चक्क लेथवर घासायचे आणि परत बसवायचे!

ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या योआनिस पालिकारिस यांनी १९८९ च्या सुमारास दोन्ही कल्पना जोडल्या. चकती पूर्ण कापायचीच नाही. एका बाजूला बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, झाकण उघडायचं, खाली लेझर मारायचा, झाकण बंद. हेच लॅसिक. वरची साल शाबूत राहते, त्यामुळे दुखणं कमी आणि दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. जग लॅसिकच्या मागे धावलं यात नवल नाही.

पण झाकण म्हणजे काप, आणि त्या कापात कॉर्नियाच्या नसा तुटतात. म्हणून डोळे कोरडे पडतात. झाकण जागेवर बसतं, पण मूळच्या ताकदीने पुन्हा जोडलं जात नाही. जोराचा मार लागला तर ते सरकू शकतं. म्हणूनच अमेरिकी नौदलाने १९९० च्या दशकात आपल्या लोकांसाठी लेझरचा अभ्यास सुरू केला तेव्हा आधी पीआरके निवडलं. लॅसिक नवं असूनही!

आणि १९९८ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांनी आणखी एक धोका समोर आणला. काही डोळ्यांत लॅसिकनंतर उरलेली काच इतकी कमजोर पडते की ती हळूहळू पुढे फुगते.

एक छोटं गणित

इथे थोडा कागद-पेन घेऊ. चार्ल्स मनर्लिन या इंजिनिअरच्या नावाचं एक साधं सूत्र आहे: लेझर द्यायच्या भागाच्या व्यासाचा वर्ग, गुणिले नंबर, भागिले तीन. सहा मिलिमीटरचा भाग धरला तर एका नंबरमागे १२ मायक्रॉन काच जाते.

समजा नंबर मायनस ५ आणि जाडी ५४०. लेझरने गेले ६०, झाकणाचे ११०. खाली उरले ३७०. आरामात.

आता नंबर मायनस ८ आणि जाडी ४९०. लेझरने ९६, झाकण ११०, उरले २८४. झाकणाखाली किमान २५० हवेत हा जुना नियम, आणि बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात. म्हणजे तेच मशीन, तोच सर्जन, पण या माणसाला लॅसिक नको. पीआरकेमध्ये झाकण नाही, काच जास्त वाचते, पण नंबर मोठा म्हणून धूसरपणाचा प्रश्न. अशा वेळी डॉक्टर काच न घासता डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय सुचवतात, त्याला आयसीएल म्हणतात.

खऱ्या मशीनचे आकडे थोडे वेगळे असतात, पण मुद्दा तोच. निवड रेटकार्ड करत नाही, तुमची काच करते.

आणि मग स्माईल

१९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये अतिवेगवान लेझरवर काम करताना एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात किरण गेला. त्याला तपासणारे तरुण डॉक्टर रॉन कर्ट्झ चकित झाले, कारण पडद्यावरची जखम कमालीची नेटकी होती. ती लॅब होती जेरार्ड मुरू यांची. या प्रकारच्या लेझरमागच्या तंत्रासाठी त्यांना आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं नोबेल मिळालं. या फेम्टोसेकंद लेझरने आधी झाकण कापणारं ब्लेड हटवलं. मग जर्मनीतल्या वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी विचारलं, झाकण हवंच कशाला? काचेच्या आतच एक पातळ चकती कापायची आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छिद्रातून ओढून काढायची. हेच स्माईल. २०११ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या वडोदऱ्याहून डॉ. रुपल शाह आणि सहकाऱ्यांचेही.

झाकण नाही, नसा कमी तुटतात, सरकण्याचा प्रश्न नाही. पण पहिले काही दिवस नजर लॅसिकपेक्षा जरा हळू स्वच्छ होते. थोडा नंबर उरला तर दुरुस्ती लॅसिकइतकी सोपी नाही, अनेकदा त्यासाठी पीआरकेच करावं लागतं. आणि चकती हाताने सोडवायची असल्याने सर्जनचा अनुभव फार महत्त्वाचा.

मग निवडायचं कसं?

जाहिरातीत नावं खूप असतात. ब्लेडलेस, फेम्टो, कॉन्टूरा, ट्रान्स-पीआरके, सिल्क. गोंधळू नका. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: हे वरून घासणं आहे, झाकण उघडणं आहे, की आतली चकती काढणं? प्रत्येक नाव या तीनपैकी एका घरात बसतं.

मग स्वतःची तीन उत्तरं तयार ठेवा. पहिलं, माझी काच किती जाड आहे आणि तिचा नकाशा नीट आहे का? कॉर्निया कोनासारखी पुढे येण्याचा केराटोकोनस हा आजार असेल, अगदी सुरुवातीचा असला तरी, तर हे नेहमीचं लेझर विसरा. डोळे चोळायची सवय असेल तर ती आजच सोडा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा, कारण लेन्समुळे नकाशा चुकतो. दुसरं, माझं आयुष्य कसं आहे? कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग असेल तर झाकण नको. दिवसभर स्क्रीन आणि एसी असेल तर कोरडेपणा आधी तपासा. भरतीची तयारी असेल तर आधी त्या शाखेची ताजी जाहिरात वाचा, कारण वय, उरलेली जाडी आणि ऑपरेशननंतरचा काळ यांच्या अटी असतात. तिसरं, माझा नंबर थांबलाय का? वर्षभर स्थिर नसेल तर घाई कशाला?

एक आकडा दोन्ही बाजूंनी बघा. अमेरिकेच्या एफडीएच्या पुढाकाराने झालेला लॅसिकचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलयं किंवा चकाकी असं काहीतरी नवीन दिसत होतं. रोजच्या कामात मोठी अडचण येणारे एक टक्क्याहून कमी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. समुपदेशनात फक्त पहिली सांगितली, तर दुसरी तुम्ही विचारा.

आणि हो, चाळिशी कुणालाच चुकत नाही. जवळचं वाचायला चष्मा लागतो तो डोळ्याच्या आतल्या भिंगामुळे. आज कॉर्निया कितीही सुंदर कोरली तरी पंधरा वर्षांनी पेपर लांब धरावा लागणारच.

सातोंपासून सेकुंडोंपर्यंत प्रत्येकाने प्रामाणिकपणे वाटलं होतं की आपलं उत्तर आधीच्यापेक्षा बरं आहे. बहुतेकदा ते बरं होतंही. पण फोन आवडला नाही तर विकता येतो. काच एकदा घासली की परत येत नाही. म्हणून तपासणीचा रिपोर्ट हातात घ्या, आकडे समजून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. "तुम्हाला यातलं काहीच करू नका," असं सांगणारे डॉक्टर भेटले तर नाराज होऊ नका. बहुधा तेच तुमच्या डोळ्यांचं वीस वर्षांनंतरचं बिल वाचवतायत.

आजच्यासाठी एवढंच. घरात कुणी लेझरची तारीख घेतली असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, डोळे चोळू नका!