जिना कोणाचा?

मुंबईतील घरभाड्याचा इतिहास आपण बहुधा पागडी, पावती आणि कोर्टकज्जे यांतूनच ऐकतो. आगीच्या बाजूने तो पाहिला, तर खोलीपेक्षा जिना महत्त्वाचा ठरतो.

फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातील दाट वस्तीला मोठी आग लागली आणि त्यानंतर लोकवस्ती कोटाबाहेर सरकली. मांडवी, डोंगरी, पुढे भेंडी बाजार असे मोहल्ले भरत गेले. कालांतराने तेथे चाळी उभ्या राहिल्या, त्याही लाकडी सांगाड्याच्या. लाकडी खांब, तुळया, फळ्यांचे मजले आणि वर जायला अनेक ठिकाणी एकच लाकडी जिना. वीज आली तेव्हा मीटरही कित्येकदा त्याच जिन्याखाली बसले. खोलीत आग लागली तर एका कुटुंबावर बेतते. जिन्याखाली लागली तर साऱ्या चाळीची वाट बंद होते. खोली भाडेकरूने पागडी मोजून घेतलेली असते, जिना मात्र मालकाचाच राहतो.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखले. त्यामुळे गरिबांचे छप्पर टिकले, हे नाकारता येणार नाही. इमारत राहण्याजोगी ठेवण्याचे कर्तव्यही त्याने मालकावर टाकले. मालक ऐकत नसेल तर भाडेकरूने नोटीस देऊन दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना वीस रुपये भाडे धरले तर वर्षाला साठ रुपये! एवढ्यात जिन्याची एक पायरी तरी होईल का? १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणला, पण त्याचा रोख इमारत कोसळू नये यावर होता. कुजलेल्या तुळईला टेकू मिळाला. जुन्या वायरींना टेकू देता येत नाही.

उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी मतानुसार तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेत राहण्यास बाधा आणणारी दुरुस्ती मालकावरच आहे. त्याने नकार दिल्यास भाडेकरूला घर सोडण्याची मुभा आहे; मात्र तीच अवस्था पाहून घर घेतले असेल तर तीही नाही. पागडीवाला तर जिना पाहूनच वर चढलेला असतो, आणि सोडून जाणार तरी कोठे?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर ठेवली. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांना दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मालकाला त्या 'किंवा'त भोगवटादार दिसतो, भाडेकरूला मालक. मीटरची पेटी जिन्याखालून हलवायची वेळ आली, की वर्गणीची वही भाडेकरूंच्याच दारांवरून फिरते.