गिमवीच्या पाण्यातील परोपजीवी : एका ओळखीचा इतिहास

जयगडच्या किल्ल्याखाली शास्त्री नदी समुद्रास मिळते. खाडीच्या दक्षिणेस रत्नागिरी तालुका व उत्तरेस तवसाळच्या बाजूने गुहागर तालुका, अशी ही सीमा आहे. खाडीचे पाणी खारे असले तरी दोन्ही तीरांवरील जांभ्या दगडाच्या सड्यांवरून उतरणारे पऱ्ये गोड्या पाण्याचे असतात. पावसाळ्यात ते दुथडी भरून वाहतात, आणि उन्हाळा आला की त्यांची धार तुटून खोलगट जागी तेवढे कोंड शिल्लक राहतात. माणसांची आंघोळ, धुणे आणि गुरांचे पाणी या सर्वांसाठी मग तेवढ्याच पाण्यावर अवलंबून राहावे लागते. गुहागर तालुक्यातील गिमवी या गावाचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले ते अशाच पाण्यामुळे. मूत्राशयाचा शिस्टोसोमा-रोग हा आफ्रिका व पश्चिम आशिया यांचा रोग, अशी सर्वत्र समजूत असताना १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी भारतातील मानवी शिस्टोसोमा-रोगाविषयी आपले निवेदन प्रसिद्ध केले, व पुढे गिमवी येथे त्याचे स्थानिक केंद्र असल्याचे प्रतिपादन केले. या प्रतिपादनाचा इतिहास म्हणजे मुख्यतः ओळखीचा इतिहास आहे. पाण्यात जे आढळले ते नेमके कोण, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहे.

रोगाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. १८५१ मध्ये कैरो येथे थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याला शवविच्छेदनात हा रक्तवाहिन्यांतील पर्णकृमी सापडला. वाइनलंड याने १८५८ मध्ये त्याच्या प्रजातीस ‘शिस्टोसोमा’ असे नाव दिले. दुभंगलेले शरीर असा या ग्रीक शब्दाचा अर्थ असून नराच्या अंगावरील ज्या खोबणीत मादी राहते तिला तो उद्देशून आहे. पुढच्याच वर्षी कॉबोल्डने शोधकाच्या सन्मानार्थ ‘बिल्हार्झिया’ हे नाव सुचविले. शास्त्रीय नामकरणात आधीचे नाव टिकते, या नियमाने पहिले नाव ग्राह्य ठरले. व्यवहारात मात्र दुसरेच रुळले आणि सैनिकांच्या व डॉक्टरांच्या तोंडी ते दीर्घकाळ राहिले. एकच प्राणी दोन नावांनी वावरला तर फारसे बिघडत नाही. दोन प्राणी एका नावाखाली आले म्हणजे मात्र घोटाळा होतो. १९१५ पर्यंत इजिप्तमध्ये असाच घोटाळा होता. काही रुग्णांच्या मूत्रात टोकाला काटा असलेली अंडी सापडत, तर काहींच्या मलात बाजूला काटा असलेली. हे एकाच कृमीचे दोन आविष्कार आहेत की दोन भिन्न कृमी, यावर कडाक्याचा वाद चालला होता. जपानात मियाइरी व सुझुकी यांनी १९१३ मध्ये तेथील शिस्टोसोमाची गोगलगाय दाखवून दिली होती. त्या धर्तीवर लायपर याने १९१५ मध्ये कैरोजवळ प्रयोग केले. टोकाला काटा असलेल्या जातीची वाढ एका गोगलगायीत होते व बाजूला काटा असलेल्या जातीची दुसऱ्या, हे त्याने सिद्ध केले, आणि अळ्या पाण्यातून सरळ त्वचेत शिरतात हेही निश्चित केले. म्हणजे कृमीची जात त्याच्या गोगलगायीवरून ठरली. ही कसोटी पुढे गिमवीच्या वादातही उपयोगास आली व तिथेच ती अडलीही.

मुंबई इलाख्यात या विषयाचे काम त्याआधीच सुरू झाले होते, परंतु ते जनावरांच्या कृमींवर. माँटगोमेरीने १९०६ मध्ये भारतीय गुरांमधील शिस्टोसोमाच्या जाती वर्णिल्या. १९१८ मध्ये लिस्टन व सोपारकर यांनी त्यांपैकी ‘स्पिंडाले’ या जातीचे जीवनचक्र मांडले, व १९२१ मध्ये एम. बी. सोपारकर यांनी तिच्या अळीचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. इंडोप्लॅनॉर्बिस नावाची, चकतीसारख्या शिंपल्याची गोगलगाय ही तिची मध्यस्थ आश्रयी होय. कोकणातील तळ्यांत व भातखाचरांत ही गोगलगाय मुबलक आढळते. गुरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरून पुरळ व खाज उठवतात, पण तिथेच मरतात. चिखलात काम करणाऱ्यांच्या पायांची खाज आणि मूत्रातील रक्त या दोन गोष्टी पाण्याच्या एकाच सवयीतून उद्भवत असल्या तरी त्यांचे कर्ते निराळे असतात, हे येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या क्षेत्रातील खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. गोगलगाय काचेच्या भांड्यात उजेडात ठेवली की थोड्या वेळाने तिच्यातून अळ्या बाहेर पडतात. दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या दिसल्या की नवखा अभ्यासक शिस्टोसोमा सापडला म्हणून हर्षभरित होतो. वस्तुतः दुभंगलेली शेपटी ही शिस्टोसोमाची मक्तेदारी नाही. गोड्या पाण्यातील मळ्ये, मरळ अशा माशांच्या अंगात घर करणाऱ्या कितीतरी पर्णकृमींच्या अळ्या अगदी तशाच असतात. त्यांतील काही माशाच्या कातडीत कोष करून राहतात व त्यामुळे काळे ठिपके दिसतात, तर काही डोळ्याच्या भिंगात शिरून त्यास गढूळ करतात. माशांच्या या अळ्यांना घसा असतो, शिस्टोसोमाच्या अळीला तो नसतो, हा त्यांतील प्रमुख भेद. परंतु माशांच्या रक्तात राहणाऱ्या सँग्विनिकोला-वर्गातील अळ्यांनाही घसा नसतो. तेव्हा पाठीवर पातळ झालर आहे की नाही हे पाहावे लागते, कारण ती या वर्गाच्या अळ्यांत असते व शिस्टोसोमात नसते. सूएलने १९२२ मध्ये भारतीय अळ्यांचा जो विस्तृत वर्णनकोश सिद्ध केला, त्याचे महत्त्व यामुळे वाढते. एखाद्या कोंडात सापडलेली अळी माशाची, गुराची की माणसाची, हे ठरविण्याआधी त्या पाण्यातल्या सर्व अळ्यांची ओळख हवी. मत्स्यपरोपजीवींचा अभ्यास हा मानवी रोगाच्या अभ्यासाला पूरकच नव्हे, तर त्याची पूर्वअट आहे. विद्यापीठांतील प्राणिशास्त्र व वैद्यकशास्त्र यांच्या विभागांतील भिंतीमुळे ही गोष्ट पुष्कळदा दृष्टीआड होते.

गाडगीळ व शहा यांच्यासमोर हे सर्व धागे होते. १९५५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्यांनी मुंबई राज्यात स्थानिक केंद्र प्रस्थापित झाल्याचे मांडले. १९५६ मध्ये त्याच नियतकालिकात या मालिकेचा दुसरा भाग आला, व त्यात त्यांनी भारतीय वाणाने गोगलगायीला संसर्ग घडविण्याचे प्रयोग दिले. त्यांना दोषी वाटलेली गोगलगाय मात्र अनपेक्षित होती. ती आफ्रिकेतील बुलिनस नव्हती, सोपारकरांची इंडोप्लॅनॉर्बिसही नव्हती. ती होती फेरिसिया टेनुइस. हा प्राणी अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा असून त्याचा शिंपला टोपीसारखा, वळसे नसलेला असतो. बुडालेल्या पानांच्या व दगडांच्या अंगाला तो असा घट्ट चिकटतो की ती गोगलगाय आहे हे न शिकलेल्याच्या लक्षात येऊ नये. एवढ्या क्षुद्र प्राण्यावर जातिनिश्चयाचा सारा भार पडला. जगातील इतर ठिकाणी शिस्टोसोमा हीमॅटोबियम प्रामुख्याने बुलिनसवर अवलंबून असल्याचे दिसते. दक्षिण पोर्तुगालमध्ये प्लॅनॉर्बेरियस नावाची गोगलगाय त्याला आश्रय देत असे, हा एक अपवाद. गिमवीचा दावा खरा मानायचा तर आणखी एक अपवाद मान्य करणे भाग होते.

शंका घेणाऱ्यांचा मुख्य आक्षेप इथेच होता. साउथगेट व अग्रवाल यांनी १९९० मध्ये ‘पॅरासिटॉलॉजी टुडे’मध्ये या विषयावर लेख लिहिला, व त्याच्या शीर्षकालाच प्रश्नचिन्ह जोडले. त्या प्रश्नचिन्हामागचे मुद्दे दुर्लक्षणीय नाहीत. बुलिनसला भारतीय प्राण्यांमध्ये सर्वांत जवळची गोगलगाय इंडोप्लॅनॉर्बिस होय. मग ती सोडून कृमीने फेरिसियाचा आश्रय का घ्यावा? शिवाय टोकाला काटा असणे हे एकट्या हीमॅटोबियमच्या अंड्याचे लक्षण नाही. भारतीय गुरांतील ‘इंडिकम’ जातीच्या अंड्यालाही टोकाचा काटा असतो. अळी आणि अंडे या दोन्ही कसोट्या अशा रीतीने निसरड्या ठरतात. तथापि आक्षेपांना मर्यादाही आहे. गुरांचे कृमी माणसाच्या मूत्राशयाभोवती नेमाने घर करून मूत्रावाटे अंडी सोडतात, असा अनुभव नाही. म्हणून गिमवीच्या कृमीच्या नावाविषयी वाद असला तरी तेथे माणसांना मूत्रमार्गाचा संसर्ग होत होता हे विधान त्या वादापासून वेगळे काढून पाहिले पाहिजे. पुष्कळ चर्चांत या दोहोंची गल्लत झाली आहे. फेरिसियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद करावी लागते. गाडगीळ-शहा यांच्या काळी या टोपीसारख्या गोगलगायी एका निराळ्या कुलात गणल्या जात. पुढे जनुकीय पुराव्यावरून त्यांना प्लॅनॉर्बिस-कुलातच घालण्यात आले. अर्थात, १९५६ मध्ये जो संबंध केवळ विचित्र दिसत होता तो आज तितका विचित्र दिसत नाही.

हा परोपजीवी तिथे कसा आला? जयगडसारख्या बंदरामुळे आफ्रिकेशी व अरबस्तानाशी असलेला जुना संपर्क प्रथम सुचतो. परंतु खाडीच्या खाऱ्या पाण्यात हे चक्र चालत नाही, त्यामुळे बंदर हे कारण पुरेसे ठरत नाही. बाधित मनुष्य गोड्या पाण्याच्या कोंडापर्यंत यावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातून लष्करात जाणाऱ्यांची परंपरा जुनी व मोठी आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य मेसोपोटेमियात, म्हणजे मूत्राशयाच्या शिस्टोसोमाच्या जुन्या प्रदेशात, दीर्घकाळ होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ मध्ये, पश्चिम आफ्रिकी पलटणी भारतात आल्या. घरी परतलेला शिपाई व गावचा पऱ्या यांच्या भेटीतून रोग रुजला असणे शक्य आहे. याहून ठाम विधान करणे मात्र इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही.

त्या काळी हाती असलेली साधने मर्यादित होती. रुग्णाला अँटिमनीची इंजेक्शने, आणि पाण्यातील गोगलगायी मारण्यास मोरचूद, एवढीच ती. प्राझिक्वान्टेलची गोळी १९७० च्या दशकानंतरची. केंद्र पुढे विझले व नवे रुग्ण आढळेनात, असे नंतरच्या अभ्यासकांनी मानले. रोग गेला ही गावाच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट. परंतु कृमीची जनुकीय तपासणी शक्य होण्यापूर्वीच तो गेल्यामुळे जातिनिश्चयाचा वाद मूळ वर्णनांवरच सोडवावा लागतो. २०१४ मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर याच स्वरूपाचे प्रकरण घडले. काव्हू नदीत पोहलेल्या शंभराहून अधिक लोकांना मूत्राशयाचा शिस्टोसोमा-रोग झाला. अंड्यांची जनुके तपासली तेव्हा त्यात माणसाच्या हीमॅटोबियमबरोबर गुरांच्या बोव्हिस जातीचाही अंश निघाला. अंड्याच्या आकारावर विसंबलेल्या अभ्यासकाला हा संकर कळला नसता. गाडगीळ-शहा यांच्या लेखांकडे वळताना हे स्मरणात असावे. माणसाचा की गुरांचा, हा त्यांच्या समीक्षकांनी विचारलेला प्रश्न दोनच पर्याय गृहीत धरत होता. कॉर्सिकाच्या नदीने तिसरा पर्याय दाखविला. गुहागर तालुक्यातील पऱ्ये व त्यांतील फेरिसिया यांची नव्याने पाहणी करणाऱ्यास तो आरंभीच विचारात घ्यावा लागेल.