पचडीचे मूळ

तंजावर व कुंभकोणम् यांच्या दरम्यान पापनाशम लागते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी हा मुलूख घेतला. १८५५ साली राज्य खालसा झाले. सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातील पाककृती मात्र सरस्वती महालात मराठीत टिकल्या.

कोवळी मेथी बारीक चिरून, मीठ, लिंबू, दाण्याचे कूट घालून, वर फोडणी देऊन दुपारच्या जेवणाला आम्ही जी पचडी करतो, तिच्या नावात तामिळ ‘पच्चै’ म्हणजे हिरवे, कच्चे, हा शब्द दिसतो. तामिळ मुलखात आंब्याची पचडी शिजवितात. कच्चेपणा आमच्या पानात राहिला. परमुलखात जुने कधी अधिक टिकते. तंजावरच्या मराठीतही जुनी रूपे राहिली आहेत. बदलीच्या गावी मुलांशी मराठी बोलताना आम्हांस याचाच आधार वाटतो.