लालबाग ते दादर, हवेतून

लालबागहून दादरला जायला मी भारतमाताजवळ बस पकडतो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण ट्रॅफिक असला की अर्धा तास सहज जातो. १८७७ साली जोसेफ लिन नावाच्या माणसानं हेच अंतर हवेतून कापलं. लालबागच्या बागेतून त्याचा फुगा सुटला, साडेसात हजार फुटांवर गेला आणि दादरला उतरला. म्हणजे जवळपास सव्वादोन किलोमीटर तो नुसता वरच गेला होता!

हा किस्सा सांगणारे लिनच्या धाडसाशी थांबतात. मला मात्र त्या कापडाचं कुतूहल वाटतं. सुती कापडाचा तुकडा दिव्यासमोर धरून बघा. धाग्याधाग्यांत भोकं दिसतील. अशा कापडात गॅस कोंडून माणूस ढगांपर्यंत जातो कसा?

त्या काळी फुग्याचं कापड रेशमी किंवा सुती असे आणि त्यावर जवसाच्या तेलाच्या वॉर्निशचे हात मारलेले असत. तरी थोडा गॅस झिरपायचाच. झिरपलं की फुगा खाली येऊ लागतो, मग वाळूची पिशवी रिकामी करायची. वाळू संपली की हातात काही उरत नाही. त्यामुळे कापड किती गळतं, हा जिवाचा प्रश्न होता.

गळती मोजायची वाट थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८३०च्या सुमारास दाखवली होती. त्यानं काचेच्या नळीचं एक तोंड प्लास्टर ऑफ पॅरिसनं बंद केलं, नळीत हायड्रोजन भरला आणि दुसरं तोंड पाण्यात बुडवलं. नळीतलं पाणी वर चढू लागलं. प्लास्टरच्या बारीक छिद्रांतून हवा आत येत होती, पण हायड्रोजन तिच्या जवळजवळ चौपट वेगानं बाहेर पळत होता. वायू जितका हलका, तितका तो छिद्रांतून वेगानं निसटतो. पंचाईत अशी की फुग्याला हलकाच वायू लागतो.

मग छिद्रं रबरानं बुजवली तर? ग्रॅहमनं १८६६ साली तेही तपासलं. रबरात वायू आधी विरघळतो आणि मग पलीकडे निघतो. त्यामुळे वजनानं कितीतरी जड असलेला कार्बन डायऑक्साइड रबरातून हायड्रोजनपेक्षाही लवकर गेला. छिद्र नसलं तरी वाट असतेच.

पहिल्या महायुद्धात लंडन आणि वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळांनी हे मोजमाप पक्कं केलं. कापड दोन कप्प्यांच्या मध्ये घट्ट बसवायचं, एका बाजूला हायड्रोजन ठेवायचा, दुसऱ्या बाजूनं हवा सोडायची आणि त्या हवेत किती हायड्रोजन आला ते बघायचं. चांगल्या रबरी कापडातून एका चौरस मीटरमागे दिवसाला दहा लिटरच्या आसपास वायू जाई. ५०० घनमीटरच्या फुग्याचं कापड साधारण ३०० चौरस मीटर भरतं. म्हणजे दिवसाला तीन घनमीटर गॅस गेला आणि उचलण्याची ताकद तीनेक किलोनं घटली. कापड दहापट गळकं असेल, तर तीस किलो. तेवढी वाळू सोबत हवीच.

लिन उडाला तेव्हा मुंबईत कापडाच्या गिरण्या चालू होत्या आणि १८६५पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे जळत होते. त्या गॅसचा कारखाना लालबाग-परळ भागातच होता. गॅस कंपनी लेन हे नाव आजही पत्त्यात लिहितात. गिरण्यांचं कापड आणि कारखान्याचा गॅस, दोन्ही गोष्टी इथल्या कामगारांच्या ओळखीच्या होत्या. उड्डाणाच्या नोंदीत मात्र उडणाऱ्याचं नाव राहतं. कापड विणणारे, त्यावर वॉर्निश चढवणारे, शिवण बुजवणारे राहत नाहीत.

परवा लालबागच्या चिवडा गल्लीतून पाकीट घेतलं. आतून चंदेरी होतं. धातूचा तो पातळ थर हवा आणि दमट वाफ अडवतो, म्हणून चिवडा मऊ पडत नाही. या पाकिटातून किती हवा झिरपते, हे आजही तसंच मोजतात: एका चौरस मीटरमागे, चोवीस तासांत. बस यायला वेळ होता, म्हणून ते पाकीट तिथेच फोडलं.