तेरचं कापड, पैठणची वाट



येडशीच्या फाट्यावर उभं राहिलं की चहूबाजूंनी गाड्या येतात. एक सोलापूरहून बीडकडे जाणारा मोठा रस्ता, आणि दुसरा बार्शी-लातूरचा. आपल्याला हे रस्ते ठाऊक आहेत ते एसटीसाठी, दवाखान्यासाठी, उसाच्या ट्रॅक्टरसाठी आणि पुण्याला गेलेल्या पोरांसाठी. आज मी बोलणार आहे ती वाट फार जुनी आहे. ती आपल्या शेजारच्या तेरहून निघायची, पैठणला जायची आणि तिथून गुजरातेत भरूचच्या बंदरापर्यंत पोचायची. गटातल्या आम्ही नऊ जणी एका शनिवारी-रविवारी जीप ठरवून तेर ते पैठण जाऊन आलो. भाकरी, शेंगाचटणी बांधून घेतली होती, मुक्काम बीडला केला. आजचं बोलणं त्या फेरीतलं, आणि त्याच्या आधी-नंतर वाचलेलं.

अशी वाट होती हे कशावरून? साधारण १९०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुठं नाही, पण माणूस पक्का व्यापारी होता. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, सगळं त्यानं नोंदलंय. तो सांगतो, भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, हे फार मोठं शहर. पैठणहून रंगीत मौल्यवान खडे येतात आणि तगरहून पुष्कळसं जाडंभरडं कापड, शिवाय मलमलीचे प्रकार. हा माल गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर आणतात.

हे तगर म्हणजे आपलं तेर. पण तेरला हा मान सहज मिळाला नाही. अभ्यासकांनी कुणी देवगिरीला तगर म्हटलं, कुणी जुन्नरला. कोकणातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे तगर या थोर नगराचे धनी, तरी ते नगर कोणतं याचा वाद चालूच होता. १९०१ साली फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तेरचं नाव पुढं मांडलं आणि ते टिकलं. दहा दिवसांचा हिशोब आम्हीही जीपमध्ये करून पाहिला. तेर ते पैठण आजच्या रस्त्यानं २०० किलोमीटरच्या आसपास पडतं. दहा दिवसांनी भागलं तर दिवसाला २० किलोमीटर. भरलेली बैलगाडी, वाटेत बैल सोडायचे, पाणी दाखवायचं, रात्री मुक्काम. आमच्यातल्या ज्यांनी लहानपणी बैलगाडीनं जत्रा केली आहे, त्या म्हणाल्या, इतकंच होतं.

तेरमध्ये आपण बहुतेक जणी जातो त्या गोरोबाकाकांच्या दर्शनाला. या वेळी आम्ही त्रिविक्रमाचं देऊळ नीट बघितलं. जुन्या विटांचं, मागून गोल, वर पाठीसारखं छप्पर. अभ्यासकांचं म्हणणं असं की ते मुळात बौद्धांचं चैत्य होतं. मग रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय. लामतुरे तेरचेच. पांढरीच्या मातीत, पावसानं उघड्या पडलेल्या ज्या वस्तू लोक तुडवत जात, त्या त्यांनी वेचून जपल्या. तिथं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पाँपेई नावाच्या गावात सापडली. ते गाव इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. म्हणजे आपल्याकडचं हस्तिदंती काम तोवर समुद्रापार पोचलं होतं. आमच्यातली एक जण त्या काचेसमोरून हलेचना.

मला मात्र त्या ग्रीक माणसाचे शब्द सोडत नव्हते, जाडंभरडं कापड. मलमलीचं कौतुक सगळेच करतात. पण गाड्या भरभरून जायचं ते साधं कापड. एवढं कापड विणायला सूत किती लागलं असेल? एका विणकराच्या मागाला पुरेल इतकं सूत कातायला कितीतरी हात लागतात, आणि ते हात बहुतेक ठिकाणी बायांचेच असत. तेरच्या कातणाऱ्या बायांचं नाव कुठल्याही दगडावर नाही. पण कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सूत खात्याच्या अधिकाऱ्यावर एक अख्खं प्रकरण आहे, त्यात त्या काळच्या कातणाऱ्या दिसतात. विधवा, अपंग बाया, मुली, संन्यासिनी, म्हाताऱ्या दासी यांच्याकडून सूत कातून घ्यावं. सूत बारीक की जाड की मध्यम, हे बघून मजुरी द्यावी. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासीच्या हाती काम पोचवावं. ज्या स्वतः सूत घेऊन येतील त्यांनी पहाटे यावं, आणि दिवा असेल तो फक्त सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्यानं बाईच्या तोंडाकडे बघितलं किंवा कामाव्यतिरिक्त काही बोलला तर त्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला तरी दंड. मी हे जीपमध्ये वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, हा कायदा आजही पाहिजे. पण पुढची ओळही तिथंच आहे. मजुरी घेऊन काम केलं नाही, तर त्या बाईचा अंगठा आणि बोट तोडावं. अधिकाऱ्याला पैशाचा दंड, आणि कातणारीची बोटं, ज्यांच्यावर तिचं पोट.

तेरहून येडशीला येऊन मोठ्या रस्त्याला लागलो. आता चौपदरी आहे, टोल आहे, बीड कधी आलं कळत नाही. जुन्या गाडीवानांना मात्र पाण्याच्या हिशोबानंच चालावं लागलं असणार. तेरणा, मांजरा, बिंदुसरा, सिंदफणा, मग गोदावरी. काळ्या रानात पावसाळ्यात चाक रुततं, म्हणजे माल निघायचा तो पाऊस उघडल्यावर. आज या नद्यांवर जागोजागी तलाव आहेत. तेरजवळ तेरणेचा, बीडच्या अलीकडे पालीला बिंदुसरेचा, तो तर रस्त्यावरूनच दिसतो. बीडची खजाना विहीरही बघून घ्या. निजामशाहीच्या काळातली, पाणी भुयारातून शेताला जातं.

पैठणला नाथसागर बघून आम्ही गप्पच झालो. पलीकडचा काठ दिसत नाही. या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केलं. शंभराच्या आसपास गावांना पाण्याची झळ बसली. आपल्याकडे टँकर लागतो तेव्हा आपण जायकवाडीचं पाणी मागतो, ते बरोबरच आहे. पण त्या पाण्याखाली कुणाच्या तरी चुली आहेत.

भरूचला माल उतरल्यावर बदल्यात काय यायचं तेही ग्रीक व्यापारी लिहितो. दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, सोन्या-चांदीची नाणी. आणि राजासाठी खास म्हणून चांदीची भांडी, गाणारी मुलं, आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली. भांडी, मुलं, मुली, सगळं एकाच यादीत. व्यापारानं भरभराट झाली असं पुस्तकात वाचतो तेव्हा ही यादीही वाचायला हवी, असं मला वाटतं.

शेवटची गोष्ट नाशिकची. तिथवर दोन दिवसांत जाणं शक्य नव्हतं, पण आपल्या गटांच्या फार कामाची आहे. पांडवलेण्यातल्या दहा नंबरच्या लेण्यात उषवदात याचा शिलालेख आहे. तो नहपान राजाचा जावई. त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन संघांकडे ठेव म्हणून ठेवली. २,००० एका संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १,००० दुसऱ्या संघाकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ नाणी कपड्यासाठी द्यायची. आता वही काढा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२, बरोबर २४०. एक नाणं इकडं-तिकडं नाही. आपल्या गटात अंतर्गत कर्जाला कुठं शेकडा दोन, कुठं एक लावतो. राजाच्या जावयानं पैसे ठेवले ते सावकाराकडे नाही, विणकरांच्या संघाकडे. म्हणजे कापड विणणाऱ्यांची पत तेवढी होती.

त्याच लेण्यात एका खोलीच्या दारावर दुसरा छोटा लेख आहे. ही खोली दखमित्रेनं दान दिली, असं त्यात आहे. ती उषवदाताची बायको, नहपानाची मुलगी. नवऱ्याचा लेख लांबलचक आहे, तिचा अगदी थोडक्यात, पण खोली तिच्या स्वतःच्या नावावर आहे.