एका शून्याचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने जळालेल्या जर्मन शहरांत ड्रेस्डेनचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते. १९४३ च्या जुलैत हँबुर्ग शहर असेच जळाले होते आणि तेथील मृतांची संख्या ड्रेस्डेनहून मोठी होती; तरीही वादाचा विषय झाले ते ड्रेस्डेनच. ते का, याचा विचार करू लागलो म्हणजे एका कागदापाशी आणि त्या कागदावरील एका शून्यापाशी आपण येऊन पोहोचतो. त्या शून्याची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानदळाची सुमारे ८०० विमाने दोन लाटांनी या शहरावर आली. पुढील दोन दिवस अमेरिकन विमानांनी दिवसाउजेडी हल्ले केले. जुन्या शहराचा गाभा जळून गेला. तळघरांत आश्रय घेतलेली माणसे आगीपेक्षाही धुराने आणि प्राणवायूच्या अभावी अधिक मेली. आल्टमार्क्ट नावाच्या चौकात लोखंडी तुळयांवर प्रेते रचून त्यांचे दहन करावे लागले. हे सर्व खरे आहे, आणि कोणत्याही सहृदय माणसाने मान खाली घालावी असे आहे.

माणसे किती मेली, याची मोजदाद शहराच्या पोलिसांनी लगोलग सुरू केली. जर्मन राज्ययंत्र शेवटच्या घटका मोजत असले तरी त्याची कारकुनी थांबली नव्हती. मार्चच्या मध्याला तयार झालेल्या अहवालात १० मार्चपर्यंत सापडलेल्या मृतांची संख्या १८,३७५ दिली असून एकूण संख्या २५,००० पर्यंत जाईल असा अंदाज केला आहे. २२ मार्च रोजी निघालेल्या ४७ क्रमांकाच्या दैनिक हुकुमात ती २०,२०४ झाली. एकूण अंदाज तोच, २५,०००. चौकात जाळलेली प्रेते ६,८६५.

याच हुकुमाची दुसरी एक नक्कल पुढे फिरू लागली. तीत मृत २,०२,०४०, अंदाज २,५०,००० आणि जाळलेली प्रेते ६८,६५० असे आकडे होते. वाचकांनी हे आकडे वरच्या आकड्यांखाली मांडून पाहावेत. कोणीतरी प्रत्येक आकड्यापुढे एकेक शून्य लिहिले होते. बाकी काहीही करावे लागले नव्हते. हे शून्य कोणाच्या हातचे, हे सांगताना संशयाचे बोट गोबेल्सच्या प्रचारखात्याकडेच जाते. कारण फेब्रुवारी संपण्यापूर्वीच स्वीडनमधील वृत्तपत्रांत दोन लाखांच्या घरातील आकडा झळकला होता. अर्थात, मोजणी पुरी होण्याआधीच मोजणीचा निकाल परदेशी रवाना झाला होता!

युद्ध संपले, गोबेल्स मेला, पण शून्य जगले. १९६३ साली डेव्हिड अर्व्हिंग या इंग्रज लेखकाचे ड्रेस्डेनवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात मृतांची संख्या १,३५,००० दिली होती. फुगवलेल्या हुकुमाला त्या पुस्तकात त्यांनी स्वतःच प्रचारकी बनावट ठरविले होते. पण पुढच्याच वर्षी त्याची एक टंकलिखित नक्कल हाती येताच त्यांचे मत फिरले. त्या कागदावर अस्सलपणाची कोणतीही खूण नव्हती. तो नकलेची नक्कल होता. १९६६ साली पोलिसांचे मूळ अहवाल उजेडात आले, तेव्हा अर्व्हिंग यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात पत्र लिहून खालचा आकडा जाहीर केला. येथे प्रकरण संपावयास हवे होते. तथापि पुढील आवृत्त्यांत आणि व्याख्यानांत लाखाच्या घरातील आकडे पुन्हा डोकावू लागले. १९७७ साली ग्योट्झ बेर्गान्डर या जर्मन संशोधकाने हुकुमाची विश्वसनीय प्रत मिळवून छापली. हे गृहस्थ तरुणपणी त्या रात्री स्वतः ड्रेस्डेनमध्ये होते. शहराचे दुःख त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. त्यांच्या प्रतीत शून्य नव्हते.

आता प्रश्न असा की, एका शून्यासाठी एवढा आटापिटा कशासाठी? त्याचे उत्तर दुसऱ्या एका हिशेबात आहे. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. ज्यांना ती राजवट पुन्हा प्रतिष्ठित करावयाची आहे, त्यांच्या वाटेत हा डोंगर आडवा येतो. तो ओलांडण्याच्या युक्त्या दोनच: आपल्या बाजूच्या मृतांची संख्या वाढवायची आणि दुसऱ्या बाजूची घटवायची. म्हणूनच असे आढळते की, ड्रेस्डेनच्या आकड्यावर शून्य चढविणारा हात पुष्कळदा औश्वित्झच्या आकड्यावरील शून्ये पुसणारा असतो. एके ठिकाणी बेवारस नकलेवर पूर्ण विश्वास, आणि दुसरीकडे हजारो अस्सल कागद, कबुलीजबाब व जिवंत साक्षी असूनही अविश्वास! संशोधकाचा संशय सर्व कागदांना सारखाच लागू पडतो. जो संशय माणसाची जात पाहून जागा होतो, तो संशय नव्हे, द्वेष होय.

हे आमचेच मत आहे असे नाही. डेबोरा लिपस्टाट या अमेरिकन विदुषीने १९९३ साली ज्यूसंहार नाकारणाऱ्यांविषयी ग्रंथ लिहून त्यात अर्व्हिंग यांचा समावेश केला, तेव्हा अर्व्हिंग यांनी तिच्यावर व पेंग्विन या प्रकाशनसंस्थेवर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार आपले लिखाण खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर होता. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी अर्व्हिंग यांच्या ग्रंथांतील विधाने मुळाबरहुकूम ताडून पाहिली. त्यांत ड्रेस्डेनचे प्रकरणही होते. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला. अर्व्हिंग यांनी आपल्या मतप्रणालीसाठी ऐतिहासिक पुराव्याचा जाणूनबुजून विपर्यास केला, ते ज्यूसंहार नाकारणारे व ज्यूद्वेष्टे आहेत, असे त्यात नमूद आहे.

निकालाने माणूस हरतो, आकडा हरतोच असे नाही. जानेवारी २००५ मध्ये सॅक्सनीच्या विधिमंडळात नाझींच्या बळींसाठी मौन पाळण्याचा प्रसंग आला, तेव्हा एन.पी.डी. या अतिउजव्या पक्षाचे सदस्य त्यात सामील झाले नाहीत. उलट ड्रेस्डेनच्या बाँबवर्षावाला त्यांनी ज्यूसंहाराच्या पंक्तीस बसविले. त्या फेब्रुवारीत हजारो नवनाझी शोकाच्या नावाखाली शहरातून चालत गेले. परंतु त्याआधीच, २००४ साली, ड्रेस्डेनच्या महापौरांनी इतिहासकारांचे एक मंडळ नेमले होते. या मंडळाने दफनभूमीच्या नोंदी, मृत्यूचे दाखले व नावांच्या याद्या एकमेकींशी पडताळल्या. ‘आगीत प्रेतांची राख होऊन ती उडून गेली, म्हणून संख्या कमी दिसते’ या आक्षेपाचीही त्यांनी उत्खननातील पुराव्यावरून परीक्षा केली. तळघरांतील उष्णता माणसाचा मागमूसही न ठेवण्याइतकी नव्हती, असे ठरले. २०१० चा अंतिम निष्कर्ष असा: मृत जास्तीत जास्त २५,०००. पासष्ट वर्षांपूर्वी पोलिसांच्या कारकुनांनी बांधलेला अंदाज खरा निघाला.

येथे कोणी म्हणेल की, २५ हजार काय आणि अडीच लाख काय, मेलेल्याला त्याचे काय? आमच्या मराठी कानांना हा प्रश्न अगदीच परका नाही. पानिपतावर लाख बांगडी फुटली असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. त्या ‘लाखा’त मोजणी नाही, आकांत आहे, आणि आकांताला कोणी हिशेब विचारीत नाही. पण तो लाख कोणी खोट्या कागदावर लिहून दुसऱ्या कोणाच्या जिवाची किंमत कमी करण्यासाठी पुढे केला, तर तो आकांत राहत नाही. ते कुभांड होते. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून राजवाड्यांनी बखरींच्या जागी अस्सल पत्रे मांडली, ती पानिपताच्याच काळाची होती. गोव्याच्या दप्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी जन्मभर तेच व्रत चालविले. त्या पत्रांनी पानिपताचे दुःख उणे केले नाही. ते आपल्याला अधिक जवळून दाखविले.

ड्रेस्डेनचेही तसेच आहे. युद्ध संपत आले असता निर्वासितांनी भरलेले शहर जाळणे योग्य होते काय, हा प्रश्न खुद्द चर्चिललाही सुटला नव्हता. २८ मार्च १९४५ च्या आपल्या टिपणात त्याने अशा बाँबवर्षावाचा फेरविचार करण्यास सुचविले होते. तो प्रश्न विचारण्यास २५ हजार मृत पुरेसे आहेत. उलट खोट्या शून्यामुळे तो प्रश्न विचारणाऱ्या प्रामाणिक माणसाकडेच लोक संशयाने पाहू लागतात. बनावट कागदाने मृतांचे केलेले हे आणखी एक नुकसान होय.

शेवटी त्याच दिवसाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्हिक्टर क्लेम्पेरर हे ज्यू प्राध्यापक ख्रिस्ती पत्नीमुळे तोवर बचावून ड्रेस्डेनमध्ये राहत होते. १३ फेब्रुवारीला शहरात उरलेल्या मूठभर ज्यूंना रवानगीची फर्माने पोहोचविण्याचे काम त्यांच्यावर आले होते. ती वाटताना वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर त्यांना मरणच दिसत होते. रात्री बाँब पडले, शहर पेटले, आणि त्या गोंधळात छातीवरचा पिवळा तारा काढून ते पत्नीसह निसटले. ही नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत करून ठेवली. त्या एका रात्री एकाच शहरात निरपराध माणसे जळत होती आणि मृत्यूच्या यादीत नाव असलेली माणसे वाचत होती. इतिहासाला ही दोन्ही माणसे सांभाळावयाची आहेत. शून्य चढविणाऱ्यांच्या वहीत मात्र क्लेम्पेरर यांच्यासाठी जागा नाही, आणि त्या वहीचा खोटेपणा ओळखण्यास आम्हांस एवढी एक खूण पुरेशी वाटते.