तिसऱ्यांच्या रश्शातला इतिहास

आपल्यापैकी पुष्कळ घराणी गोवा-सावंतवाडीकडून घाट चढून बेळगावात आली. कुलदैवत खालीच राहिले, तिसऱ्यांचा रस्सा मात्र वर आला. त्या रश्शात कोकणपट्टीचा बराच इतिहास आहे.

तिसऱ्या, खुबे, कालवे मिळवायला होडी लागत नाही की जाळे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीचे पाणी सर्वांत दूर ओसरते. तेव्हा बायका खाडीत उतरून वाळू-चिखल चाचपत त्या गोळा करतात. त्यामुळे गरिबाच्या ताटातही हे कालवण आले.

तिसऱ्या विळीवर उघडताना सुटणारे पाणी गाळून रश्शातच घालतात. ते मुळात खारे, म्हणून मीठ शेवटी, चव पाहून. एक शिंप टाकून दुसरी मांसासकट ठेवायची, म्हणून नाव 'एकशिपी'.

नारळ, मिरी, तिरफळ, आमसूल ही कोकणी कालवणाची जुनी सामग्री. लाल मिरची मूळची अमेरिकेची. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर त्याच शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली. आपण तिला मिरीवरूनच नाव दिले आणि घरचीच मानली. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नारळाच्या दुधातले कोलंबीचे सौम्य, पिवळे 'कालदीन' करतात. ते नाव पोर्तुगीज 'काल्दो' म्हणजे रस्सा, यावरून पडले. नारळ आणि कोलंबी मात्र इथलीच.

शिंपाही वाया जात नसत. त्या भट्टीत भाजून चुना करीत. तो भिंतींना लागे आणि विड्याच्या पानालाही. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ, चपट्या शिंपा बसवलेल्या आजही दिसतात.

आता नद्यांतून वाळू उपसली जाते आणि तिसऱ्यांचे घर तर त्या वाळूतच. त्या कमी झाल्या की भरती-ओहोटीची तिथी जाणणाऱ्या बायकांचे ज्ञानही जाईल. इकडे आपली मुले तिसरी, खुबा, कालव या सगळ्यांना एकच 'सीफूड' म्हणतात. नाव गेले की पदार्थ जायला वेळ लागत नाही.

गौरी-गणपतीनंतर ज्यांच्या घरी चालते त्यांनी हा रस्सा जरूर करावा. त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून ही नावे आणि कृती वहीत लिहून ठेवावी. आपण कुठून आलो, हे पुढच्या पिढीला त्या वहीतूनही कळेल.